आक्काची दातेरी बकेट

माझी थोरली बहीण आक्का कोणाचेही काही ठेवून घेत नसे. शेजारून वाटीत भाजी आली, तर ती वाटी तिने कधी रिकामी परत पाठवली नाही. ही रीत सगळ्याच घरांत पाळतात. आक्का ती अपमानाच्या बाबतीतही पाळत असे. फरक एवढाच, की भाजीची वाटी दुसऱ्या दिवशी परत जाई. अपमानाला कधी कधी वर्षे लागत.

अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावी तिचे लग्न झाले. पहिल्याच दिवाळीला सासूने तिच्या हातचा लाडू पाहुण्यांसमोर वरवंट्याने फोडून दाखवला. आक्काने तुकडे वेचून ताटलीत ठेवले. पुढे सासूचे दात पडले. त्यानंतर प्रत्येक दिवाळीला आक्का पहिला लाडू ताटलीत घाली, शेजारी तोच वरवंटा ठेवी आणि विचारी, "आत्याबाई, फोडून देऊ का?" सासूलाही हसू येई, असे ती मला सांगे. मी एकदा तेथे होतो. सासू हसली नव्हती.

तिच्या धाकट्या दिराला गाव नाना म्हणते. वाटणीत दाजींना, म्हणजे आक्काच्या यजमानांना, आतले शेत आणि तेथली वस्ती मिळाली. तिकडे जाणारी गाडीवाट नानांच्या तुकड्यातून होती. पुढे भावाभावांत बिनसले, तेव्हा नानांनी आपल्या रानातले दगड त्या वाटेवर रचले आणि मध्ये एक फट ठेवली. मी जाब विचारायला गेलो.

"माझं दगड, माझ्या हद्दीत टाकलं," नाना म्हणाले. "अन् मास्तर, मानसाला जायला वाट हाय की."

तहसिलीत अर्ज केला. तारखा पडत राहिल्या. त्या हिवाळ्यात दाजींच्या छातीत कळ आली. बोलावलेली गाडी दगडांच्या पलीकडे थांबली. आम्ही चौघांनी दाजींना खाटेवर घातले आणि त्या फटीतून काढले. खाट तिरकी करावी लागली. गाडीपाशी पोहोचलो तेव्हा गाडीची गरज उरली नव्हती. याहून अधिक लिहीत नाही.

मी शाळेच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो. आक्काकडे राहायला आलो. तेरावा झाल्यावर म्हणालो, खोदाईचे मोठे यंत्र एक दिवस भाड्याने आणू आणि वाट मोकळी करू.

"भाड्याचं यंत्र सांच्याला निघून जातं," आक्का म्हणाली. "भाऊजी सकाळी परत दगड टाकतील. आपल्या दारात उभं ऱ्हाईल असं पायजे."

दाजींनी बागेसाठी घेतलेला लहान ट्रॅक्टर होता. उन्हाळ्यात शेजाऱ्याचे रान मोकळे झाल्यावर त्याच्या बांधावरून तो बाहेर काढला, टेम्पोत चढवला आणि बेलापूरला एका मिस्त्रीच्या कारखान्यात नेला. ट्रॅक्टरला जोडायची अवजारे हा मिस्त्री बनवीत असे. त्याने प्रथम एक सपाट पाते दाखवले.

"हे घ्या, आक्का. एका दिवसात समदं दगड बाजूला."

"बाजूला म्हंजी कुठं?"

"वाटंच्या कडंला."

"कडंला सारायचं न्हाई. ज्याचं त्याला द्यायचंय. द्यायचं म्हंजी उचलावं लागतं."

मिस्त्रीने मग मागे बसणारा खोदाईचा लांब हात दाखवला. ताकद त्याचीच जास्त, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खरे होते. आक्काने मान हलवली. "मागं वळून कोन काम करील? मला त्याच्या तोंडाकडं बघत करायचंय."

"कुनाच्या तोंडाकडं?" मिस्त्रीने मला हळूच विचारले.

"बकेट दाखवा," मी म्हणालो.

त्याने रुंद बकेट जोडून आवारातला एक धोंडा उचलून दाखवला. धोंडा वर गेला आणि त्याबरोबर ट्रॅक्टरची मागची चाकेही जमिनीवरून उठली. आक्का पदर तोंडाला लावून हसली. "बघ मास्तर, नमस्कार घातला की ह्यानं!" दाजी गेल्यानंतर ती प्रथमच हसत होती.

शेवटी तिने अरुंद बकेट निवडली, पुढे दात असलेली. अरुंद, कारण लहान ट्रॅक्टरला तेवढाच भार पेलतो. दातेरी, कारण एका पावसाळ्यात दगड मातीत रुतले होते. मागे वजन हवे म्हणून मिस्त्रीने लोखंडी पेटी दिली आणि तीत वाळू भरायला सांगितले.

"पेटी दे," आक्का म्हणाली. "भरायला हाय माझ्याकडं."

वाटेशी आल्यावर तिने नानांच्याच ढिगातले हाताने उचलता येतील असे दगड त्या पेटीत भरायला लावले. त्यांच्या दगडांच्या वजनावर त्यांचे दगड उचलले जाऊ लागले.

नानांच्या फाटकासमोरची जमिनीची पट्टी वाटणीत दाजींच्या नावे झाली होती. नाना तिच्यावरून मोटार नेत. दाजींनी कधी अडवले नव्हते. आक्काने दगड त्या पट्टीवर आणून ठेवायला सुरुवात केली. डोक्याला दाजींचा रुमाल बांधून, धारा काढून झाल्या की ती ट्रॅक्टरवर बसे. घाई नव्हती. रोज थोडे. दगड टाकत नसे; बकेट जमिनीलगत आणून ठेवीत असे. नाना ओट्यावरून पाहत. आधी आधी हसले. एके दिवशी फाटकाशी आले.

"वयनी, हे काय चालवलंय?"

"तुमचंच हाय, भाऊजी. आमी कुनाचं ठेवून घेत न्हाई."

"मोटार कशी काढू मी?"

आक्काने यंत्र बंद केले. आणून ठेवलेल्या दगडांमध्ये तिने एक फट सोडली होती, तिच्याकडे बोट दाखवले.

"खाट तिरकी केली की जातीया. तुमच्या भावाला तेवढी पुरली."

नाना परत आत गेले. त्या दिवसापासून त्यांची मोटार आत उभी आहे. आक्काच्या पट्टीवरचा दगड हलवण्याची त्यांची छाती झाली नाही. दातेरी बकेट आक्काच्या दारातच उभी असे.

आक्का गेल्या वर्षी झोपेत गेली. तिला न्यायला आलेली गाडी सरळ वस्तीच्या दारापर्यंत आली. चाक कोठेही अडले नाही. मला ते पुरेसे वाटले नाही.

दहाव्याला नाना आले. पिंडाला कावळा शिवेपर्यंत माझ्या शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "मास्तर, आता वयनी ऱ्हायल्या न्हाईत. गुडघे धरलेत माझे. तेवढं दगड काढून घ्या."

आक्का बोलली असती तर ऐटीत बोलली असती. मला ते जमत नाही. मी एवढेच म्हणालो, "नाना, माणसाला जायला वाट आहे."

आता ट्रॅक्टर मी चालवतो. बागेपुरता. बकेट काढलेली नाही. दातांना गंज चढू नये म्हणून महिन्याला तेल लावतो. सकाळी यंत्र सुरू केले की नाना ओट्यावरून मान वर करतात. मी ते थोडा वेळ चालू ठेवतो. मग बंद करतो आणि नानांच्या फाटकासमोरच्या फटीतले गवत काढायला जातो.