चाचांच्या छताखालची चादर

आपली अडचण दुसऱ्याच्या नजरेस पडू नये म्हणून जन्मभर इतका खटाटोप करणारा माणूस चिखलीपासून चाकणपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. आणि लोकांच्या अडचणी अर्जांतून शासनापुढे मांडण्यात माझी हयात गेली असल्याने या बाबतीत माझ्या शब्दाला काही वजन आहे. आमचे सायकलवाले चाचा चिखलीच्या फाट्यावर कंपनीच्या कामगारांच्या सायकली दुरुस्त करीत. पंक्चरला आलेली सायकल ते पुसून लख्ख करीत आणि सीट फाटकी दिसली तर तिच्यावर पदरची खोळ चढवीत. एकदा पहिल्या शिफ्टला निघालेला गडी म्हणाला, "चाचा, उशीर होतोय, ऱ्हाऊ द्या ती खोळ." चाचा म्हणाले, "राव, गेटावर चार लोकं बघत्यात. त्यांना काय दिसंल?" घरी कोणी गेले की मोडकी खुर्ची ते स्वतःकडे घेत, आणि साखर संपली असली की "बिनसाखरंचा चहा तब्येतीला बरा" असे बजावीत.

अशा माणसाचे छप्परच पडायला आले होते. मागच्या खोलीची कौले फुटली होती, आढे वाकले होते, आणि लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. तिच्या सासरचा निरोप स्पष्ट होता : छप्पर धड असेल तरच पाठवू. सुदैवाने त्या सुमारास तालुक्याच्या कचेरीतून पडक्या घरांच्या दुरुस्तीला अनुदान मिळू लागले होते. मी अर्ज लिहिला. 'सदर छपरातून नभोमंडळाचे यथास्थित दर्शन घडते' हे त्यातले वाक्य मला आजही पाठ आहे. ओव्हरशियर पाहणीला आले, तो भिंतींना ताजा चुना, दाराला तोरण, आणि मागच्या खोलीत छताखाली चाचांच्या लग्नातली फुलाफुलांची चादर चारी कोपऱ्यांना ताणून बांधलेली. साहेबांनी भजी खाल्ली आणि 'घर सुस्थितीत' असा शेरा मारून ते गेले.

"चाचा, हे काय केलंत?" मी कपाळाला हात लावून विचारले.

"भाऊसाहेब, साहेब पयल्यांदा आमच्या दारात आला. त्याला फाटकं छप्पर दाखवू व्हय?"

मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा पाहणी लावून घेतली आणि चादर न बांधण्याचे वचन चाचांकडून घेतले. मधल्या काळात लेक सासूशी भांडून आली होती. दुरुस्ती झाली नाही तर तिला परत न्यायला दीर येणार होता. पाहणीच्या दिवशी पाहतो तर चादर होतीच. साहेबांनी विचारले, "काय चाचा, घराची काही तक्रार?" चाचा म्हणाले, "कायबी न्हाई साहेब. मजेत हाय. भजी घ्या."

तेव्हा लेक जड पावलांनी उठली, तिने कोपऱ्यातली काठी घेतली आणि तिच्या टोकाने चादर खाली ओढून काढली. उन्हाचे कवडसे थेट साहेबांच्या बशीत पडले.

"अब्बा," ती म्हणाली, "साहेब पाव्हणं न्हाईत. कामाला आल्यात."

चाचांनी भिंतीकडे तोंड फिरवले. साहेबांनी बशी खाली ठेवली, बराच वेळ वर पाहिले आणि खिशातले पेन काढले.

अनुदान मंजूर झाले, पत्रे चढले, आणि त्याच चादरीच्या झोळीत चाचांचा नातू निजला. पुढे चाचा गेले. जावयाला इकडेच कंपनीत काम लागल्याने घर आता लेक सांभाळते. परवा पावसात तिच्याकडे गेलो. मी खुर्चीत टेकणार तोच तिने ती लगबगीने दुसऱ्या कोपऱ्यात नेली.

"हितं बसा काका. हितं वारा चांगला येतो."

पाठीमागे कुठेतरी पातेल्यात टप्प आवाज झाला. मी वर पाहिले नाही. चहा बिनसाखरेचा होता; तब्येतीला बरा असतो, असे मीच म्हणालो.