काळुरामच्या वहीतला चौथा रकाना

मी ज्या कॉलेजातून इंजिनिअर झालो त्याचा नंबर एका इंग्रजी साप्ताहिकानं देशात अकरावा लावला होता. माझ्या वडिलांनी, म्हणजे पेणच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या महादेव दातारांनी, ते पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि बाहेरच्या खोलीत लावलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. काळुराम घरतच्या वहीत मात्र तेच कॉलेज तळाला होतं. पुढं ते पहिलं आलं. ते वर कसं चढलं हे सांगायचं म्हणजे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेणं आहे, पण सांगतो.

काळुराम रोह्याला, धाटावच्या आमच्या केमिकल कंपनीत गेटवर वॉचमन होता. राहायचा कासूजवळ खाडीकाठच्या एका गावात. घराणं मिठागरात राबणाऱ्यांचं. अंगानं आडवा, उजव्या खांद्यावर कोयत्याची जुनी खूण आणि हातात कायम तेल पाजलेली बांबूची काठी. ती काठी तो शोभेसाठी बाळगत नव्हता. त्या काठीनं त्याला माणसाचं हाड मोडताना मी दोनदा पाहिलं, आणि त्यातलं दुसरं हाड माझं होतं.

शहाण्णव सालच्या ऑगस्टात मी ट्रेनी म्हणून लागलो. तेव्हा कंत्राटी कामगारांचा संप चालू होता आणि साहेबांनी प्लँट आम्हा ट्रेनींकडून चालवून घ्यायचं ठरवलेलं, त्यामुळे कामगारांचा सगळा राग आमच्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेटपाशी पोचलो तर पंधरा-वीस जण उभेच होते. पहिला फटका सायकलच्या चेनचा, कानावर. मी खाली पडलो. मग लाथा. कोणीतरी माझा डबा उघडून माझ्याच डोक्यावर आपटला, आणि रक्त, आमटी सगळं डोळ्यांत उतरलं. मी रांगत गेटच्या छोट्या दारापर्यंत गेलो, मुठींनी दार बडवलं. दाराला एक फट होती. त्या फटीतून काळुरामचा डोळा मला अगदी स्पष्ट दिसला. दार उघडलं नाही.

पोलिसांची जीप आल्यावर जमाव पांगला तेव्हा ते उघडलं. काळुरामनं मला बाकावर बसवलं, पाणी दिलं, स्वतःच्या रुमालानं कान बांधला. मग खिशातून पेन्सिल काढून विचारलं, "कुठलं कॉलेज?"

मला वाटलं, डोक्याला मार लागल्यामुळे मला भलतंच ऐकू येतंय. मी नाव सांगितलं.

"बारावीला किती?"

"त्र्याण्णव टक्के."

"पगार चौतीसशे. तो मी तुमच्या पत्रात वाचलाय." त्यानं पेन्सिल जिभेला लावली. "उद्या येनार काय, सायेब?"

मी त्याला आईवरून शिवी दिली. त्याला तिचं काही वाटलं नाही.

त्या वहीची गोष्ट मला नंतर कळली. नवीन माणसाचं नेमणुकीचं पत्र पाहिल्याशिवाय त्याला आत सोडायचं नाही असा हुकूम होता, आणि सातवी शिकलेला काळुराम ते पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत वाचून काढायचा. जुन्या गेटपासांच्या कोऱ्या बाजू दोऱ्यानं शिवून त्यानं वही केली होती. त्यात चार रकाने. कॉलेज कोणतं, तिथं किती टक्क्यांना प्रवेश मिळतो, पहिला पगार किती, आणि चौथ्यात एकच शब्द: टिकला किंवा पळाला. गेटवर मार पडल्यावर दुसऱ्या दिवशी जो परत आला तो टिकला. संप आमच्याकडे दर वर्षा-दोन वर्षांनी व्हायचेच, त्यामुळे चौथा रकाना रिकामा राहत नसे. माझ्या कॉलेजचे माझ्याआधी चौघे आले होते, चौघेही पळाले. रायगडातल्याच लोणेऱ्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टक्के कमी लागत, पगार सहाशेनं कमी, पण तिघांतले तिघे टिकलेले. म्हणून लोणेरे पहिलं. कासूपासून नागोठण्यापर्यंतचे बाप पोरांचे निकाल घेऊन त्याच्याकडे यायचे आणि तो वही उघडून सल्ला द्यायचा. माझ्या वडिलांच्या पुठ्ठ्यापेक्षा त्या वहीला जास्त मान होता.

वहीत एक घोळ होता, आणि तो मला पहिल्याच वाचनात दिसला होता. पळालेले चौघे माझे सीनिअर, त्यांच्या खिशात दुसऱ्या कंपन्यांची पत्रं होती हे मला माहीत होतं. लोणेऱ्याच्या तिघांकडे तेव्हा दुसरी नोकरी नव्हती. बाकी काही नाही. हे मी काळुरामला सांगायला हवं होतं.

त्या संध्याकाळी मी घरी गेलो आणि म्हटलं, मी ही नोकरी सोडतोय. वडिलांनी माझा बांधलेला कान पाहिला, सुजलेला डोळा पाहिला, आणि त्याच बाजूच्या गालावर फाडकन मारली. "तिसऱ्या दिवशी पळून आला, हे मी आळीत सांगू?" आई मध्ये पडली तर तिलाही ढकललं. रात्रभर मी उताणा पडून होतो, आणि सकाळी शटल गाडीनं रोह्याला गेलो. वडिलांच्या भीतीनं गेलो, दुसरं काहीएक कारण नव्हतं.

काळुराम मला पाहून खुर्चीतून उठला. तो साहेबांसाठीसुद्धा उठत नसे.

"तुमच्या कॉलेजचा पयला," तो म्हणाला. "काय म्हनून आलात?"

घरी बापानं मारलं असं कसं सांगणार? बावीस वर्षांचा इंजिनिअर मी. म्हटलं, "आमच्या कॉलेजात असंच घडवतात. मार खाऊन उभं राहायला शिकवतात."

त्यानं तिथंच वही काढली आणि पेन्सिल जिभेला लावली. त्या एका वाक्यानं, आधीचे चौघे पळालेले असूनही, माझं कॉलेज त्याच्या वहीत पहिलं आलं, आणि मला, खरं सांगतो, त्या दिवशी छाती फुगल्यासारखं वाटलं.

त्यानंतर शटलमध्ये तो माझ्याशेजारी बसू लागला. एकदा त्यानं खांद्यावरच्या खुणेची हकीकत सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना मिठागराच्या बांधावरून भाऊबंदांत मारामारी झाली. कोयता खांद्यावर बसताच काळुराम चिखलातून पळत सुटला तो थेट नागोठण्यापर्यंत. मोठा भाऊ पुंडलिक एकटा राहिला. त्याचा डोळा फोडला आणि दोन महिन्यांनी तो गेला. "मी उभा रायलो आसतो तर दोघांना मारला नसता त्यांनी," काळुराम म्हणाला. ते खरं होतं की नाही कोण जाणे, पण वीस-पंचवीस वर्षं तो त्या एका वाक्यावर जगत होता.

वहीचा हा सगळा खटाटोप त्याच्या मुलीसाठी चालला होता. प्रतिक्षा बारावीला होती, गणितात फार हुशार. "पोरगी हाय, त्यात मिठागरवाल्याची," तो म्हणायचा. "मार तर पडनारच तिला, सायेब. मंग उभी रवायला शिकवतील अशा जागी घालीन." मी दर रविवारी कासूला जाऊन तिला शिकवायला लागलो. ती मला सर म्हणायची. बोलणं कमी, हिशेब पटापट, आणि बापाला ती भीत नसे. तिचं ठरलेलं होतं, लोणेऱ्याला जायचं, केमिकल घ्यायचं, शनिवारी घरी यायचं.

काळुरामची काठी चालताना मी पहिल्यांदा पाहिली ती त्याच हिवाळ्यात. गोविंदा म्हणून संपावरच्या कामगारांचा पुढारी होता, काळुरामच्याच भावकीतला. त्यानं येऊन सांगितलं, "दादा, आज दार उघडा ठेव, आमाला आत जायचाय." काळुराम नाही म्हणाला. गोविंदा म्हणाला, "पळपुट्या, आज कुनाला पाठ दावतोस?" पुढचं इतक्या झटक्यात झालं की मला फक्त आवाज ऐकू आला, वाळलेली फांदी मोडावी तसा. गोविंदाच्या खांद्याजवळचं हाड गेलं होतं. तो खाली पडल्यावरही काळुराम मारत राहिला, पायांवर, पाठीवर, मोजून मारल्यासारखा. आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढलं. भावकीनं त्यानंतर त्याच्या घरी येणं-जाणं टाकलं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये प्रतिक्षाचा निकाल लागला. त्र्याण्णव टक्के. रायगडातलं कोणतंही कॉलेज तिला मिळत होतं आणि मुंबईचं माझंही. प्रवेशाच्या दिवशी आम्ही तिघं मुंबईला गेलो. नंबर पुकारला की टेबलापाशी जायचं, रिकाम्या जागांचा तक्ता बघायचा आणि एक निवडायची, दोन-तीन मिनिटांत. प्रतिक्षानं तक्त्यावर लोणेऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथं नाय," काळुराम म्हणाला. "सरांच्या कॉलेजात."

"बाबा, मना लोणेऱ्यालाच—"

त्यानं तिच्या कानाखाली वाजवली. टेबलामागच्या बाईंनी मान खाली घातली. काळुरामनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो मानूस बघ. रगतात न्हालेला, दुसऱ्या दिवशी कामावं आला. का, तर त्या कॉलेजनं शिकवलं."

प्रतिक्षानं माझ्याकडे पाहिलं. गालावर बोटं उमटलेली, डोळे कोरडे. मी एक वाक्य बोललो असतो तर ती लोणेऱ्याला गेली असती. आमच्या हॉस्टेलात पहिल्या वर्षाच्या पोरांना काय करतात ते मला माहीत होतं. मला पट्ट्यानं मारलं होतं, उघड्या पाठीवर, सलग आठवडाभर. आणि तिसऱ्या वर्षाला गेल्यावर तोच पट्टा मी हातात घेतला होता. हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. मी खिशातून पेन काढून तिला सहीसाठी दिलं.

सप्टेंबरात ती घरी आली ती पुढचा एक दात तुटून. मुलींच्या हॉस्टेलातल्या सीनिअर पोरींनी तिच्यासाठी एक नियम केला होता. तिच्या तोंडून "नाय" किंवा "हाय" आलं की चपलेनं एक मारायची. ती बोलायचीच बंद झाली. मग न बोलण्याबद्दल मार. एका संध्याकाळी कोणीतरी जिन्यावरून ढकललं. काशीबाईनं, तिच्या आईनं, कपडे बदलताना पाठ पाहिली आणि तिथंच किंकाळी फोडली.

दुसऱ्या दिवशी काळुराम मला शोधत प्लँटमध्ये आला. पाण्याच्या टाकीखाली आम्ही दोघंच होतो. आवाज अगदी हळू होता त्याचा.

"सायेब, त्या दिवशी तुमी परत का आलात?"

"बापानं मारलं म्हणून," मी म्हणालो. "घरात राहू देईना म्हणून."

"आन कॉलेज?"

"कॉलेजचा काही संबंध नव्हता. जे पळाले त्यांना दुसरी नोकरी होती, एवढंच. आणि हॉस्टेलात मारतात ते मला ठाऊक होतं. मीही मारलंय."

काठी वर गेलेली मला दिसली. हात आडवा घातला म्हणून डोकं वाचलं. मनगटाच्या वरचं हाड दोन ठिकाणी मोडलं. नंतर त्यानं बरगड्यांत घातली, मांडीवर घातली, आणि मारताना रडत होता. "माजी पोर," एवढंच म्हणायचा आणि मारायचा. मी ओरडलो नाही. ओरडायचा हक्क मला आहे असं वाटलं नाही. कंपनीत मी सांगितलं की शिडीवरून पडलो.

चौथ्या दिवशी, हाताला प्लॅस्टर, मी कासूला गेलो. माफी मागायला म्हणू हवं तर. घराला कडी होती. स्टेशनवर गेलो तर पनवेलकडच्या गाडीची वेळ झालेली, आणि फलाटावर प्रतिक्षा पत्र्याची पेटी घेऊन उभी. काळुराम खाली उकिडवा बसून त्या पेटीची कडी दोन्ही हातांनी धरून होता. काठी त्यानं आणली होती, पण ती प्रतिक्षाच्या हातात होती.

"नको जाऊ गो," तो म्हणत होता. "मी येतो तुझ्यासंगं. एकेकीला फोडून काढतो."

"तुमी मारून याल, मंग मना तिथं कोन बसू देल?"

"मंग नकोच जाऊ. लोणेऱ्याला इचारू."

"इचारलं. जागा भरल्या." तिचा तुटका दात बोलताना दिसत होता. "इथं रवून काय करू, बाबा? मीठ ओढू?"

"लोक बोलतील घरतची पोर टिकली," तो घाईघाईनं म्हणाला, जणू तेच सगळ्यात वाईट होतं. "मना नको तसलं टिकनं. पळून ये गो. मी सांगतो, पळ."

"पळून कुठं येऊ?" ती म्हणाली. "मना दुसरी जागाच नाय."

गाडी आली. तिनं त्याची बोटं एकेक करून कडीवरून सोडवली. तो एवढा ताकदीचा माणूस, त्यानं सोडवू दिली. तिनं काठी त्याच्या मांडीवर ठेवली आणि पेटी उचलून चढली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही.

गाडी गेल्यावर मी त्याच्यापासून थोड्या अंतरावर बाकावर बसलो. तो मला मारायला उठेल असं वाटत होतं. तो उठला नाही.

"तिला अजून मारतील?" त्यानं विचारलं.

"हो. हे वर्ष संपेपर्यंत."

"आन मंग?"

"मग नवीन पोरी येतात."

काळुरामनं मांडीवरची काठी खाली फलाटावर ठेवली.

"म्हंजे मंग ती मारंल," तो म्हणाला.