आढ्यावरची छत्री

टीव्हीची छत्री बसवायला कणकवलीहून आलेला माणूस शिडीवर उभा राहून आमच्या मंगलोरी कौलांकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "साहेब, तुमच्या बाजूक माड आडवे येतत. पलीकडच्या टोकाक आकाश मोकळा आसा. पण थंय दोन कौला काढून पायप आढ्याक बांधूचो लागतलो."

पलीकडचं टोक आमचं नव्हतं. घर एक, आढंही एक. पण वडील आणि चुलते यांच्या वाटणीत मध्ये मातीची भिंत उभी राहिली आणि त्या भिंतीवरून कोर्टात दावा सुरू झाला. वडील गेले, चुलते गेले. दाव्याची प्रकृती मात्र उत्तम आहे. पलीकडे आता काकी एकटीच राहते. आई आणि ती बोलत नाहीत. आई खुबा मोडून खाटेवर पडली आहे. दिवसभर वाशांकडे बघत राहण्यापलीकडे तिला काही उरलं नव्हतं, म्हणून मी टीव्ही आणला. तो चालू व्हायचा तर काकीची परवानगी हवी होती.

जाताना मी मनात भाषण तयार केलं. कुटुंबातला सलोखा, वडीलधाऱ्यांचा मान वगैरे. असली भाषणं वाचनालयाच्या कार्यक्रमात दुसरे करतात तेव्हा मी मागच्या खुर्चीत बसून हसतो. काकी पडवीत कोकमं फोडत होती. माझं पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच तिने विचारलं, "आवशीचो पाय कसो आसा?"

मी सांगितलं. छत्रीचंही सांगितलं.

"लाव रे. पण कौल काढूच्या आधी गाऱ्हाणा घाल."

घराच्या छपराला हात लावायचा तर आधी नारळ ठेवून देवाला मोठ्याने सांगायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. गाऱ्हाणं घालायचं ते घरातल्या पुरुषाने. काकीचा एकुलता मुलगा जहाजावर नोकरीला आहे.

"झील दर्यात. हय गाऱ्हाणा घालतलो कोण?" ती म्हणाली. "खूप दीस झाले. तू थोरलो, सगळ्यांसाठी घाल."

छपराच्या बदल्यात तिने मागितलं ते एवढंच.

तिने नारळ आणून ठेवला आणि हात जोडून उभी राहिली. मी सुरुवात केली. देवधर्मावर माझा फारसा विश्वास नाही, पण गाऱ्हाणं मला खणखणीत घालता येतं. वडिलांकडून शिकलोय. पूर्वी ते 'सगळ्या भावबंदांची राखण कर' असं म्हणायचे. दावा लागल्यावर त्यांनी ते वाक्य आखूड केलं, आणि मी शिकलो ते आखूड झालेलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या घराची कौला काढतंव, ता मान्य करून घी..."

"व्हय म्हाराजा!" काकी म्हणाली. वर शिडीवरून छत्रीवालाही म्हणाला.

"...आणि आमच्या उंबऱ्याआतल्या लेकरांची राखण कर रे म्हाराजा!"

तिच्या उंबऱ्याआत उभा राहून मी हे म्हणालो. शब्द तोंडातून सुटल्यावर मला ऐकू आले.  काकी नेहमीच्याच आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी घाईने नारळ फोडला.

वरून आवाज आला, "साहेब, देवाक विचारून झाला असात तर सिग्नल बघूया?"

सिग्नल उत्तम आला. घरी परतलो तर आईसमोर चित्र स्वच्छ दिसत होतं आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मातीच्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, हे दाव्याच्या कागदांत कुठे नमूद नाही.

"तिच्या झिलाक भायर ठेवलंस," आई म्हणाली.

"चुकान झाला."

"बापाशीन मुद्दाम केल्यान, तू चुकान. जा परत. आणि नारळ घेऊन जा."

मी नारळ घेऊन गेलो. काकी पुन्हा कोकमांकडे वळली होती. माझ्या हातातल्या नारळाकडे बघून तिने मान हलवली.

"एका कामाक दोन गाऱ्हाणी चलनत नाय. आता चतुर्थेक घाल." मग हातातलं कोकम फोडत म्हणाली, "तवसर माझो झील काय बुडूचो नाय."

ती हसली होती. तिने मला दोन शब्द सुनावले असते तर मी सुखाने घरी आलो असतो.

चतुर्थी अजून लांब आहे. टीव्हीकडे मी एरवी ढुंकूनही बघत नाही. आता मात्र रोज संध्याकाळी आईची मालिका लागण्याआधी बातम्यांतलं हवामान बघतो. कुठे कमी दाबाचा पट्टा, कुठे वाऱ्याचा वेग, सगळं लक्ष देऊन ऐकतो. आईही ऐकते, आणि ते संपेपर्यंत मालिका मागत नाही. काकीचा मुलगा नेमका कुठल्या समुद्रात आहे, हे विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही. त्यामुळे सगळेच बघावे लागतात.