जिवलीताईंचा इंग्रजीचा पेपर

मुरबाडला एसटी स्टँडमागे माझा इंग्रजीचा क्लास आहे. अठरा वर्षं मी पोरांना एकच मंत्र देतो: समजत बसू नका, पाठ करा. पोरं पास होतात, माझं घर चालतं. जिवलीताईंनी हा मंत्र साफ धुडकावला आणि सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग आला.

जिवलीताई वैशाखऱ्याच्या वरच्या पाड्यावरच्या. वय एक्केचाळीस, अंगणवाडीत मदतनीस. तिथली सेविका निवृत्त होणार होती. तिच्या जागेवर पहिला हक्क मदतनिसाचा, पण बारावी पास असली तरच. बाईंचा इंग्रजीचा पेपर वीस वर्षांपूर्वी राहिलेला.

ऐन भातकापणीत आम्ही एक उतारा वाचत होतो. सासरा टोचून बोलतो आणि सुनेचा चेहरा 'टॉटन' (tauten) होतो. मी फळ्यावर अर्थ लिहिला, आवळणे.

"सर, चेहरा कसा आवळल? आवळतात तो भारा."

पोरं फिदीफिदी हसली. मी म्हटलं, "ताई, वाद घालायला मार्क नसतात."

त्यांनी पिशवीतून काथ्याचा नवा दोर काढला. भारे बांधायला बाजारातून घेतलेला. "भारा आवळताना मी गुडघा देते, जोर लावते. हितं तसं काय झालंय? धरा हे टोक."

माझ्याच क्लासात मला हुकूम! पण धरलं. दुसरं टोक घेऊन त्या दाराकडे चालत गेल्या. मधला झोळ हळूहळू गेला, दोर सरळ झाला.

"मी वढला नाय. निस्ती लांब गेले. ती सून पण तशीच, सर. बोलली नाय, रडली नाय. आतल्या आत लांब गेली, म्हणून तोंड तसं झालं."

घरी जाऊन मोठा शब्दकोश उघडला. ढील जाऊन ताठ होणे. खाली उदाहरणं होती, शिडाची, आवाजाची, चेहऱ्याची. अठरा वर्षं मी चुकीचं शिकवत होतो! दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अर्थ दुरुस्त केला. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

जानेवारीत पाड्यावरचे पुढारी गोमादादा क्लासच्या दारात उभे राहिले. त्यांची सून बारावी पास होती आणि सेविकेची जागा त्यांना तिच्यासाठी हवी होती. "जिवले, या वयात कशाला गो ही धडपड? परीक्षेला बसू नको. तू मदतनीसच बरी हायेस."

ताईंचा चेहरा ताठ झाला. तो चेहरा पाहिला आणि शब्दकोशात नव्हतं तेही मला कळलं.

"तुमच्या सुनेशी माझं काय वाकडं नाय, दादा," त्या म्हणाल्या. "पण पंधरा वर्सं पाड्यातल्या पोरांची नाकं मी पुसली. तुमच्या नातवाचं पण. परीक्षेला मी बसनार."

मी पाठ करायला दिलेला सैनिकावरचा निबंध त्यांनी परीक्षेत लिहिलाच नाही. अंगणवाडीवर लिहून आल्या, स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मी कपाळावर हात मारला. बाईंनी आपल्या हातानं जागा घालवली, असंच वाटलं.

मे महिन्यात निकाल लागला. पस्तीस.

"अगदी काठावर, ताई."

"काठावर तर काठावर. पास ना?"

त्यांनी मला गुणपत्रिकेच्या तीन झेरॉक्स काढायला सांगितल्या. एक ऑफिसात द्यायला, एक घरी ठेवायला.

"आणि तिसरी?"

"गोमादादांना. मीच देऊन येते."