भाजलेल्या जवाचं पाणी

बाळाचं वजन घटलं होतं आणि सबा माझ्यासमोर हमसून रडत होती. तिचा नवरा नदीम वजनकाट्यावरच चिडलेला. "सिस्टर, मशीन चेक करा ना!"

"मशीनला काय धाड भरलीय? दूध कमी पडतंय," मी म्हटलं.

इथं आखातात, अल कुसैसच्या क्लिनिकमध्ये मी लॅक्टेशन नर्स आहे. म्हणजे अंगावर पाजणाऱ्या आयांच्या अडचणी सोडवते. सबा रत्नागिरीची, पहिलटकरीण. सासूचा व्हिसा अडकलेला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. बाळ नीट ओढत होतं. तिला गोळ्याबिळ्या काही चालू नव्हत्या. मग घोडं अडलं कुठे?

"दिवसभर खातेस काय?"

"भाकरी, अळिवाची खीर. आणि लिनचं पाणी."

लिन शेजारची, चिनी. जेवण पचत नाही म्हटल्यावर तिनं मोड आणून भाजलेले जव दिले होते, उकळून प्यायला. बाळंतपण झाल्यापासून सबाचे केस विंचरणं, बाळाचे कपडे धुणं, सगळं तीच करत होती. इंग्रजी दोघींचंही यथातथाच.

"थोडंच पी म्हणाली होती," सबा म्हणाली. "पण धान्यच ना ते! म्हटलं, जास्त प्यायलं तर ताकद येईल. पातेलंभर पिते."

आमच्या क्लिनिकच्याच बिल्डिंगमध्ये चिनी औषधांच्या एक डॉक्टर बसतात. त्यांना गाठलं. "थोडे जव पचनाला चांगले," त्या म्हणाल्या. "पण भाजून भरपूर घ्यायला आम्ही कुणाला सांगतो? जिला मुलाचं अंगावरचं दूध तोडायचंय तिला."

परत येऊन दोघांना सांगितलं, "यानंच दूध आटलं असं खात्रीनं म्हणता येत नाही. पण आजपासून हे पाणी खलास."

नदीमनं फक्त दुसरं वाक्य ऐकलं. तिथंच लिनला फोन लावला आणि नाही नाही ते बोलला. माझ्या बाळाला उपाशी मारायला निघालीस, इथपर्यंत! सबा त्याचा हात ओढत होती. "अहो, मीच जास्त प्यायले हो!" त्याला थांबवायला मीही ओरडले. तोवर पलीकडून फोन कट झाला होता.

बाळाच्या डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं, बाळ सावरलं. सबाचं दूध मात्र पुरेसं कधीच आलं नाही. त्याचं तिला वाईट वाटतंच. पण लिन लिफ्टमध्ये तिला बघून मान फिरवते, ते सांगताना तिला रडू आवरत नाही. मला अजून हळहळ वाटते. त्या लिननं काय वाईट केलं होतं?

आता मी औषधांच्या आधी घरात काय शिजतं ते विचारते. आणि विचारताना नवऱ्याला बाहेर बसवते.