विटेवरची तीन बोटं

अण्णांना घेऊन रोमन अवशेष बघायला जायचं होतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी धपाटी भाजता भाजता मी त्यांना म्हणाले, "उद्या बसमध्ये कुणी विचारलं ना, तुम्ही काय करत होतात, तर बांधकाम खात्यात इंजिनिअर होतो म्हणा."

"बरं," अण्णा म्हणाले आणि लसूण सोलत राहिले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर त्यांनी कराडच्या आसपास गवंडीकाम केलं. खात्याबित्यात ते कधीच नव्हते. पण मी म्युनिकला आले त्या वर्षी, पहिल्याच गणपतीत, एका पुण्याच्या काकूंनी मला विचारलं होतं, "वडील काय करतात गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इंजिनिअर आहेत, बांधकाम खात्यात." भोवती बसलेल्या सगळ्या जणींचे वडील प्रोफेसर, डॉक्टर, बँक मॅनेजर. मी स्वतः गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते, मीटिंगमध्ये कुणाच्या बापाला घाबरत नाही. स्वतःच्या बापाचं काम सांगायची वेळ आली तेव्हा मात्र शेपूट घातली.

पुढे त्या थापेला पाय फुटले. कुणीतरी विचारलं, "एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर का?" मी म्हटलं, हो. म्हणजे घरबसल्या मी त्यांना बढतीसुद्धा दिली, आणि योग्य वेळी निवृत्तही केलं. नवरा म्हणायचा, "सांगून टाक ना एकदा. काय आभाळ कोसळणार आहे?" त्याला काय जातंय बोलायला! आता आई गेल्यावर अण्णा पहिल्यांदाच तीन महिन्यांसाठी आले होते, नेमकी आमच्या मराठी मंडळाची सहल निघाली होती, आणि त्याच काकू बसमध्ये असणार होत्या. मला धास्ती होती ती त्याची. रोमन लोकांचं मला काही पडलेलं नव्हतं, खरं सांगते.

नवरा कामासाठी ब्राउनश्वाइगला गेला होता. त्यामुळे मी, अण्णा आणि माझी नऊ वर्षांची लेक असे तिघे निघालो. बस सुटली तशी पंधरा मिनिटांत चिवड्याचे डबे फिरायला लागले. आमची गाइड पासष्टीची एक जर्मन बाई होती. पांढरे बारीक केस, पायात खेळायचे बूट आणि आभाळ स्वच्छ असूनही हातात छत्री. तिने माइकवरून बजावलं की बसमध्ये तेलकट खायचं नाही. ते मराठीत सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण माझं जर्मन चांगलं म्हणून मंडळाने मला ज्येष्ठांची दुभाषी नेमलं होतं. मी सांगितलं. ज्येष्ठांनी माना डोलावल्या आणि चकल्या काढल्या.

काकू अण्णांच्या शेजारच्याच सीटवर. सरबराई करत त्यांनी विचारलंच, "तुम्ही कुठल्या डिव्हिजनला होतात हो?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. अण्णा शांतपणे म्हणाले, "फिरतीचं काम होतं माझं."

"अगंबाई, मग बदल्यांचा फार ताप झाला असेल."

"हो, सारखं उन्हातान्हात," अण्णा म्हणाले. एक शब्द खोटा नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

दोनेक तासांनी आम्ही एका छोट्या गावात उतरलो. लाल कौलं, खिडक्यांत जिरेनियम, रस्त्यावर चिटपाखरू नाही. रोमन सैन्याची छावणी इथे होती म्हणे, आणि जवळजवळ अठराशे वर्षांपूर्वीचं त्यांचं न्हाणीघर जमिनीखालून निघालंय. न्हाणीघर म्हटल्यावर मला आमच्या गावच्या चुलीवरचा हंडा आठवला. पण दार उघडून आत गेलो आणि माझी बडबडच थांबली.

एवढं मोठं! एका अवाढव्य छपराखाली दालनामागून दालनं, खोल हौद, गोल कोनाडे, जाड दगडी भिंती. आणि मधोमध, जिथे जमीन असायला हवी तिथे, गुडघ्याएवढे विटांचे खांब. शेकडो. एका ओळीत, एका उंचीचे. वरची लादी कधीच गेली होती, खांब मात्र कुणी कालच मांडून जेवायला गेल्यासारखे उभे. वरून उजेड येत होता आणि बोललं तर आपलाच आवाज आपल्याला लहान वाटत होता. आमच्या बसमधली माणसं कुठेही गप्प बसत नाहीत, पण तिथे सगळी गप्प झाली.

मागे वळून बघते तर अण्णांनी दाराशी बूट काढलेले. मोजे घालून, हात जोडून उभे. त्यांचं बघून काकूंनी सँडल काढल्या, मग आणखी एक आजी, मग दोन आजोबा. बघता बघता रोमन न्हाणीघराच्या दारात चपलाबुटांची रांग! गाइडबाईंचे डोळे विस्फारले. "बूट घालून चालतं," त्या परत परत सांगत होत्या. लेक लाजून माझ्यामागे लपली. "मम्मा, इथे कोणी असं करत नाही," ती जर्मनमध्ये कुजबुजली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच.

मी अण्णांना म्हटलं, "अहो अण्णा, देऊळ नाहीये हे."

"देऊळ कुठं म्हणतोय मी," ते म्हणाले. "काम बघ की गं केवढं! त्याच्यावर पायताण घेऊन कसं जायचं?"

शेवटी गाइडबाईंनी हात टेकले आणि निम्मी मंडळी मोज्यांवरच अवशेषांवरच्या लाकडी पुलावरून चालायला लागली. बाई सांगत होत्या, मी मराठीत आणत होते. खाली भट्टी पेटायची, गरम हवा या खांबांमधून फिरायची, भिंतींतल्या पोकळ विटांतून वर चढायची, आणि बाहेर बर्फ असला तरी आत अनवाणी माणसाच्या पायाला लादी गरम लागायची. सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला. आमच्या फ्लॅटचं हीटिंग, इथल्या भाषेत हायत्सुंग, दर हिवाळ्यात बंद पडतं आणि मी इमारत सांभाळणाऱ्या हाउसफरवाल्टुंगला पत्रं लिहीत बसते. आणि इथे, एकही मोटर नाही, वायर नाही! एका खांबाच्या बुडाशी काजळी दिसत होती. अठराशे वर्षांपूर्वी विझलेल्या जाळाची काजळी. कुणीतरी रोज पहाटे उठून तिथे लाकडं सारली असतील. मी बघतच राहिले. आपल्याला इतिहासातलं काही कळत नाही असं मी समजत होते, पण त्या काजळीपायी बाईंची दोन वाक्यं माझ्या भाषांतरातून सुटलीच.

थंड पाण्याच्या हौदाशी बाई थांबल्या. आतल्या गिलाव्याचा रंग फिकट गुलाबी होता. "आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "हा चुना गुलाबी का आहे, कोण सांगेल?"

आमच्याकडे इंजिनिअरांना काय तोटा! एक म्हणाला, लोहयुक्त माती. दुसरा म्हणाला, आगीने झालं असेल. तिसऱ्याने फोन काढला. आणि कठड्यावर ओणवून बघत असलेले अण्णा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सुरखी आहे ही. विटा दळून चुन्यात घातल्यात. पाणी झिरपत नाही मग. आमच्या वडलांच्या हाताखाली मी हाच चुना मळलाय, सिमेंट यायच्या आधी."

मी यांत्रिकपणे ते जर्मनमध्ये सांगितलं, शेवटचं वाक्य गाळून. बाईंनी छत्रीच आपटली. "गेनाऊ! गेनाऊ! अगदी बरोबर! इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. या गृहस्थांना कसं माहीत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूही. प्रश्न काय आहे ते अण्णांना न सांगताच कळलं. ते माझ्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "सांग, खात्यात इंजिनिअर होते म्हणून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मला एकदम माझी शाळा आठवली. आठवीत होते. शाळेत पाण्याची टाकी बांधायचं काम अण्णांना मिळालं होतं. मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर चालले होते, तर परातीशेजारून, सिमेंटने माखलेल्या बनियनमध्ये, त्यांनी हाक मारली, "ए बाय, डबा खाल्लास का?" मी वळले नाही. मैत्रीण म्हणाली, "कोण गं तो?" मी म्हटलं, "काय माहीत." ते त्यांनी ऐकलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. तेव्हाही ते काही बोलले नव्हते, आणि आज तर स्वतःहून मला थाप पुरवत होते.

"माउरर," मी बाईंना म्हणाले. "एर इस्ट माउरर." मग मंडळींकडे वळले. आवाज फुटत होता, पण मोठ्याने बोलले, "माझे वडील गवंडी आहेत. इंजिनिअर नव्हते कधी. ते मी खोटं सांगितलं होतं, इतकी वर्षं."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली स्वतःच्या मोज्यांकडे. बाईंना आमच्यात काय चाललंय त्याचा गंधही नव्हता. त्यांनी सरळ अण्णांचा हात हातात घेतला, गदागदा हलवला आणि म्हणाल्या, "मग इथले खरे तज्ज्ञ तुम्हीच की! या, तुम्हाला एक दाखवायचंय."

बाहेरच्या खोलीत टेबलावर एक रोमन वीट होती, हात लावून बघायला ठेवलेली. बाईंनी ती अण्णांच्या हातात दिली. विटेवर तीन बोटांनी ओढलेली कमान होती. ओल्या मातीवर, भाजायच्या आधी, वीट पाडणाऱ्याने ओढलेली. रोमन सम्राटाचं नाव दगडावर कोरलेलं आहे, बाई म्हणाल्या, पण याचं नाव कुणालाच माहीत नाही. अण्णांनी आपली तीन बोटं त्या खाचांत ठेवली. ती बसली. अगदी बरोब्बर बसली. अण्णांची बोटं चुन्याने खाल्लेली, नखं जाड झालेली, आणि त्या माणसाची बोटं जगात कुठेच नाहीत, तरी दोघांचा हात एकच झाला होता. मी इतकं थोर काही आजवर पाहिलेलं नाही. कुठल्याच राजवाड्यात नाही.

"गडी घाईत होता," अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते हसत होते. "बघ, शेवटाला हात झटक्यानं उचललाय. पाऊस आला असणार, नाहीतर भाकरीची वेळ झाली असणार."

मी ते बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

परत निघालो तेव्हा मला वाटत होतं, आता बसमध्ये माझ्याशी कोण बोलणार. बस सुटली तशा काकू पुढे सरकल्या. माझ्याकडे ढुंकूनही न बघता अण्णांना म्हणाल्या, "अहो, मग आमच्या कोथरूडच्या बाथरूमचं सांगा बाई. तीनदा टाइल्स बदलल्या, खालच्यांच्या छतातून गळतंच आहे."

"टाइल्सनं काय होतंय," अण्णा ताठ बसले. "तोटीमागची दरज, ती फट, भरली होती का?"

झालं! तासभर गळती, ओल, भेगा. मागच्या सीटवरून लोक उठून येत होते. अण्णांना इतकं बोलताना मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या धास्तीची किंमत काकूंच्या लेखी एका बाथरूमएवढीसुद्धा नव्हती. मला हसूही येत होतं आणि स्वतःचा रागही.

गर्दी पांगल्यावर लेक आजोबांच्या मांडीला टेकून बसली. बराच वेळ त्यांची बोटं हातात घेऊन बघत होती. मग जर्मनमध्ये मला म्हणाली, "आजोबांनीपण कुठे अशी बोटं काढलीत का, विचार ना."

"तूच विचार," मी म्हटलं. ती अडखळत, मोडक्यातोडक्या मराठीत बोलली, "आजोबा, तुमचा... बोट कुठे आहे?"

अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बोट नाही, अंगठा. प्रत्येक कामात एक, ओल्या गिलाव्यात. कुणाला दिसणार नाही असा, कोपऱ्यात. माझे वडील करायचे म्हणून मीपण. एकच दिसेल असा ठेवला. तुझ्या आईच्या शाळेत, टाकीच्या नळामागं. पाणी प्यायला वाकलं की डोळ्यासमोर येईल असा."

मी म्हटलं, "कधी ठेवलात?"

"त्याच दिवशी, दुपारी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "तू मैत्रिणीला म्हणालीस ना, काय माहीत म्हणून. म्हटलं, असू दे, पोर लहान आहे. पण पाणी प्यायला तर येईल."

त्यानंतर तीन वर्षं मी रोज त्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायले होते, आणि समोर कधी बघितलंच नव्हतं.