बांगडा न खाणाऱ्या बाईचा नवरा

दिवाळी उलटली होती आणि पहाटेचा मतलय अंगाला बोचत होता. जमिनीवरून दर्याकडे जाणारा हा वारा झाडांवरचं दंव अंगावर आणून टाकतो. दांडीच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली होती आणि जाळ्याच्या पोटात नुसता बांगडाच बांगडा होता. चंद्रावतीने कासोटा आवळला आणि पाटी भरली. खाली बांगडे, त्यावर केळीचं पान, पानावर ओंजळभर मुडदुशे, नाजूक चवीचे बारीक मासे. मुडदुशे त्या दिवशी कुणाला मिळालेच नव्हते. हे एवढे तिने एका होडीवाल्याशी भांडून आणले होते.

"कोणासाठी गो येवडी मारामारी?" कृष्णाबाईने विचारलं. कृष्णाबाई तिची शेजारीण, कट्टा गावच्या बाजारातही तिच्याच बाजूला बसणारी. वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी.

"गिऱ्हाईक आसा एक."

"माकाय होतो असो एक गिऱ्हाईक. लगीन केलंय त्येच्याशी. आता खाटेर पडान खोकता."

दोघी हसल्या, पाट्या एस्टीच्या टपावर चढवल्या आणि कट्ट्याला निघाल्या. साल अठ्ठावन्न-एकोणसाठचं असेल.

ते गिऱ्हाईक म्हणजे गुणाजी. कट्ट्याजवळच्या वाडीतला शेतकरी. थोडं भात, थोडे काजू, आंब्याची चार झाडं. रूपाने म्हणाल तर पुढे आलेले दात आणि उन्हाने काळी पडलेली मान. पण वर्षापूर्वी पहिल्यांदा पाटीसमोर वाकला तेव्हा तो म्हणाला होता, "बांगडो नको. यशोदेक बांगडो चलना नाय. अंगार गांधी उठतत तिच्या."

भर बाजारात, चार बायकांसमोर, त्याने बायकोचं नाव घेतलं होतं. त्या काळी आपल्या बायकोला बापये 'घरात' म्हणत, 'पोरांची आवस' म्हणत, नाहीतर काहीच म्हणत नसत. कृष्णाबाईने लगेच टोमणा मारला, "बायलेचो नंदीबैल मरे तू!"

"होय तर," गुणाजी म्हणाला, "शिंगां पण रंगवन घेतलंय." आणि एकेक मुडदुसा निवडून घेऊन गेला.

त्या रात्री चंद्रावतीने आपल्या नवऱ्याला, महादूला, मुद्दाम विचारलं, "आज कालवणात काय होता?" महादू हात धुता धुता म्हणाला, "म्हावरा." कुठला मासा, ते त्याला ठाऊक नव्हतं. माणूस वाईट नव्हता. रापणीवर दोरी ओढून यायचा, पानात पडेल ते खायचा, पोरांना कधी हात लावला नाही. पण बारा वर्षांच्या संसारात चंद्रावतीला काय आवडतं, हे त्याने विचारलं नव्हतं.

दुसरीची काळजी घेणाऱ्या पुरुषावर जीव जडायची तिची खोड मात्र महादूच्या आधीची होती. लग्नाआधी देवबागचा भाई तिला बघायला आला होता. सुपाएवढे कान म्हणून तिने त्याला नाकारलं, आठ दिवस मैत्रिणींत हसली. पुढे तोच भाई तिच्या चुलतबहिणीला, सुगंधाला, नक्की झाला. लग्नात धुराने सुगंधाचे डोळे चुरचुरायला लागले तेव्हा भाईने अंतरपाटाच्या आड उपरण्याचं टोक पुढे केलं. चंद्रावतीने ते पाहिलं आणि परसात जाऊन रडली. कान तेच होते. पण आता ते सुगंधाचे होते.

गुणाजीचंही तसंच झालं. त्याच्याशी बोलणं व्हायचं ते सगळं यशोदेबद्दल. "यशोदेक ताप होतो तो उतारलो मा?" चंद्रावती विचारी, आणि तो मान डोलवत सांगे. ऐकताना तिला आपल्याच कपाळावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटे. मग ती त्याच्यासाठी चांगलं म्हावरं मागे ठेवू लागली. मग एकदा, बोलायचं नव्हतं ते बोलली, "आमच्या घोवान आमका कदी असा इचारूक नाय." हे वाक्य कुठे जाऊन लागेल हे तिला ठाऊक होतं. गळ टाकणाऱ्याला मासा दिसत नसेल, पण पाणी कुठे हललं ते कळतं.

त्यानंतर गुणाजी परसातल्या वेलाची तवशी, मोठाल्या काकड्या, आणायला लागला. पहिलं तवसं देताना म्हणाला, "यशोदान दिल्यान." दुसरं देताना काहीच म्हणाला नाही. पावसाळा संपता संपता यशोदेचं नाव त्याच्या बोलण्यातून गळून गेलं. चंद्रावतीच्या ते ध्यानात आलं, आणि तिला बरं वाटलं. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर बरं वाटेनासं झालं.

तर त्या दिवशी, बांगड्यांनी भरलेल्या पाटीसमोर गुणाजी येऊन बसला.

"काय देव तुका?"

"तुज्या हाताक येयत ता दी." तो पाटीकडे बघतच नव्हता.

तिचा हात पानावरच्या मुडदुशांकडे गेला आणि थांबला. मग पानाखाली शिरला. तिने सहा बांगडे काढले, सावकाश, एकेक करून, त्याला दिसतील असे. आता म्हणेल, 'गो, बांगडो कित्या?' आता म्हणेल. तो तिच्या तोंडाकडे बघून हसत होता. तिने बांगडे पानात गुंडाळले, त्याने ते घेतले आणि चालू लागला.

वळणापर्यंत तिचं काळीज सुपाएवढं झालं होतं. जिंकली होती ती. वळणावर तो दिसेनासा होताना तिला वाटलं, हाक मारावी. दोन पावलं धावलं तरी पुरे होतं. तिने हाक मारली नाही.

पुढच्या बाजाराला एक बाई आली. रिकाम्या हाताने, पदर दोन्ही दंडांवरून घट्ट ओढलेला.

"चंद्रा म्हणतत ती तूच मा?"

"होय. काय देव?"

"म्हावरा नको. इचारूचा आसा." बाई उकिडवी बसली. "मी गुणाजीची घरकारीण. यशोदा." तिने पदर सोडला आणि हात पुढे केले. मनगटापासून कोपरापर्यंत लाल गांधी, खाजवून खाजवून सालपटलेल्या. "बांगडे तुज्याकडसून नेल्यान मा त्येना?"

"होय."

"बारा वर्सां माज्या घरात बांगडो शिराक नाय. त्या दिवशी हाडल्यान. मी कायच बोलाक नाय. बांगड्यांचा तिकला केलंय, आणि त्येच्या समोर बसान माज्या पानात वाढून घेतलंय. म्हटलंय, आता म्हणात, 'गो, खाव नको.' आता म्हणात. दोन बांगडे खाल्लंय गो बाये. तो हात धुवन उठलो."

शेजारी मासे कापणाऱ्या कृष्णाबाईची कोयती थांबली.

"म्हणान इलंय," यशोदेने आवाज खाली आणला. "म्हावरेकारणीक सगळी खबर आसता. वायच सांग माका. तो आणखी कोणासाठी नेता म्हावरा? कोणाक आवडता बांगडो?"

बांगडा चंद्रावतीला आवडत असे. तिला त्या लाल हातांवरून नजर काढता येईना. 'आता म्हणेल, आता म्हणेल' करीत तीही बसली होती, पाटीच्या ह्या बाजूला. फरक एवढाच, की तिच्या अंगावर काही उठलं नव्हतं.

"कोणासाठी नाय," ती म्हणाली. "त्येना मुडदुशेच मागल्यान. मुडदुशे थोडे होते. ज्यास्त पैसे देणारो दुसरो इलो, त्येका दिलंय, आणि तुज्या घोवाच्या पानात बांगडे गुंडाळलंय. त्येका काय म्हायत?"

"आणि माज्या पानात वाढलेलो? तोय दिसाक नाय?"

"दिव्याच्या उजेडात, तिकल्याच्या रसात, बापयांका काय दिसता गो? माज्या घोवाक देवमासो वाढलो तरी म्हावरा म्हणान गिळात."

यशोदेच्या ओठाचा कोपरा हलला. हे खरं आहे की नाही, ते ती बघत होती. मग तिने ते धरलं. बुडणारा माणूस होडीचा काठ धरतो तसं घट्ट. ती उठून उभी राहिली आणि तिने तोंड सोडलं.

"तुज्या पाटयेक आग लागो! पैशाक हपापलेली मेली! भोळो माणूस बगलंस आणि फशीवलंस! माज्या जिवार उठलंस!"

माणसं जमली. कुणीतरी म्हणालं, ह्या किनाऱ्यावरल्या बायका अशाच. चंद्रावती खाली मान घालून बसली. शिव्यांत एकही चुकीची नव्हती. आणि शिव्या देता देता यशोदेचा आवाज हलका होत चालला होता, माहेराहून आल्यासारखा. ते ऐकणं त्या शिव्यांहून कठीण होतं.

ती गेल्यावर कृष्णाबाईने हातातला अर्धा मासा कापून पुरा केला. मग म्हणाली, "खोटी फटी मारलंस ती बरी मारलंस. पण आधी केलंस ता काय केलंस गो?"

पुढे गुणाजी आला. पाटीवर वाकून हळूच म्हणाला, "बरा सांबाळलंस हां. माका वाटला, आता संपला सगळा."

म्हणजे ती यशोदेशी खोटं बोलली हे ह्याला कळलं होतं, आणि तो खूश होता. आता दोघांचं मिळून एक गुपित झालं होतं.

"तिचे हात बगलंस?" चंद्रावतीने विचारलं.

"कोणाचे?"

"यशोदेचे."

"हातांका काय झाला तिच्या?"

चंद्रावती त्याच्याकडे बघत राहिली. पुढे आलेले दात, काळी पडलेली मान. एवढाच होता की काय तो? ज्याच्यासाठी ती पहाटे होडीवाल्यांशी भांडत होती तो माणूस बायकोच्या अंगावरची गांध लांबून ओळखणारा होता. तो आता कुठेच नव्हता. तिनेच त्याला थोडा थोडा करून संपवला होता.

"घराक जा," ती म्हणाली. "जावन तिचे हात बग. आणि म्हावरा व्हया आसात तर ह्या कृष्णाबायकडे घे. माज्या पाटयेत तुज्यासाठी कायच नाय."

"अगो चंद्रा, मी काय म्हणतंय—"

"काय म्हणू नको," कृष्णाबाई म्हणाली. "चल, वाट सोड. गिऱ्हाईकां खोळंबलीत."

गुणाजी पुन्हा आला नाही. कट्ट्याची गिऱ्हाइकं मात्र चंद्रावतीच्या पाटीत हात घालून तळ बघायला लागली, आणि ती बघू द्यायची.

होळीच्या सुमाराला यशोदा स्वतःच आली. हातांवर डाग राहिले होते, फिकट.

"आता मीच येतलंय बाजाराक," ती म्हणाली. "बापयाक धाडलंय तर तू फशीवशात." अर्धं हसण्यावारी, अर्धं खरं.

"घरी बरे आसत मा?" चंद्रावतीने विचारलं.

"आसत." यशोदा पाटीत बघत होती. "त्येका काय, वाढशीत ता खाता."

चंद्रावतीच्या तोंडावर आलं होतं. जिभेच्या शेंड्यावर सगळंच्या सगळं आलं होतं. सांगून आपलं ओझं उतरलं असतं, आणि ते हिच्या डोक्यावर बसलं असतं. तिने पाटी यशोदेपुढे सरकवली.

यशोदेने मुडदुशे निवडले. एक उचलला, परत ठेवला, दुसरा घेतला.

"साफ करून दी," ती म्हणाली.

चंद्रावतीने कोयती पुढे ओढली, पायाखाली दाबली आणि पहिल्या मुडदुशाची खवलं काढायला घेतली.